सिबिल कोरं असेल तर ट्रॅव्हल कार्ड कसं मिळवायचं

बेळगावच्या सांबरा विमानतळावरून जाणारी आपल्याकडची पोरं लाउंज आणि माइल्स (खर्चावर मिळणारे प्रवासाचे पॉइंट) बघून थेट ट्रॅव्हल क्रेडिट कार्डला अप्लाय करतात, पण आधी कधी कर्जच घेतलं नसेल तर सिबिल रिपोर्टवर, म्हणजे आपल्या कर्जफेडीच्या नोंदीवर, स्कोअरच्या जागी एनएच (नो हिस्टरी) किंवा उणे 1 येतं आणि बँक बऱ्याचदा नाही म्हणते. मग लगेच चार ठिकाणी अर्ज टाकू नका हं, प्रत्येक अर्जाची चौकशी रिपोर्टवर दिसते.

त्यापेक्षा खातं आहे त्याच बँकेत एफडी ठेवून तिच्या तारणावर साधं क्रेडिट कार्ड मागा, पगाराची स्लिप बहुतेक लागत नाही, शेतीवाल्यांना आणि दुकानदारांना हाच रस्ता मला सगळ्यात बरा वाटतो. लिमिटच्या 30 टक्क्यांच्या आतच वापरा, आणि बिल पूर्ण भरा, नुसतं मिनिमम ड्यू (बिलातली किमान रक्कम) भरलं की व्याज चढत जातं. साधारण सहा महिन्यांत स्कोअर दिसायला लागतो, 750 च्या वर गेला की मग ट्रॅव्हल कार्डला हात घाला, तेपण आधी आपल्याच बँकेकडे.

आणि हो, पॅन, आधार, पासबुक यांवर नावाचं स्पेलिंग एकच आहे का बघा, कानडी-मराठीच्या घोळात आपल्या भागात हे हमखास वेगळं निघतं.