अपील चालू असतानाच वावराचं भांडण मिटवायचं असन तर

तालुक्याच्या कोर्टात निकाल लागला, हरलेल्या भावानं जिल्हा कोर्टात अपील टाकलं, की गावात सगळे म्हणतात आता तारखाच तारखा. पण अपीलातही मध्यस्थीला जाता येते. दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम 89 त्यासाठीच आहे, वकिलाला सांगून अर्ज द्यायचा अन् कोर्ट तुमची केस मीडिएटरकडे (मध्यस्थाकडे) पाठवू शकते.

त्याआधी एक सांभाळा. घरी बोलणी सुरू आहे म्हणून अपीलाची 30 दिवसांची मुदत थांबत नाही, आणि अपील टाकलं म्हणून खालच्या कोर्टाचा हुकूमनामाही आपोआप थांबत नाही, स्टे (स्थगिती) वेगळा मागावा लागते. नाहीतर तुम्ही चहा पीत बोलत बसान अन् समोरचा माणूस कोर्टाचा बेलीफ घेऊन धुऱ्यावर (बांधावर) उभा राहीन.

खरी अडचण जिंकलेल्याची. तो म्हणते मी काहून बसू? त्याला एवढंच दाखवा की यानंतर हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठात सेकंड अपीलाची (दुसऱ्या अपीलाची) वाट राहतेच, आणि तोवर वावरामागचं भांडण काही सुटत नाही. मीडिएटर काही निकाल देत नाही, तो दोघांशी वेगळंवेगळंही बोलते, आणि तिथं बोललेलं उद्या कोर्टात तुमच्यावर वापरता येत नाही, त्यामुळे तिथं मन मोकळं करायला हरकत नाही. तारीख मात्र पेरणीच्या दिवसांत घेऊ नका, अर्धं ध्यान आभाळाकडेच राहते.

बहिणींना बोलवा बरं! 2005 पासून हिंदू कुटुंबातल्या वडिलोपार्जित जमिनीत त्यांचा हक्क मुलासारखाच आहे, त्यांची सही राहिली तर दोघा भावांची तडजोड उद्या पुन्हा कोर्टात. हिस्सेदारांत कोणी अज्ञान (18 वर्षांखालचं) असन तर कोर्टाची परवानगी लागते. कोणी वारला असन तर 90 दिवसांत वारस रेकॉर्डवर आणा.

आता लिखापढी, इथं घाई नको. "धुरा सरळ करू" असं लिहून काही होत नाही बापा. गट नंबर, कोणाकडे किती आर, मोजणीचा खर्च कोण भरन, पांदण रस्ता किती फूट, विहिरीच्या पाण्याची पाळी कोणत्या दिवशी कोणाची, मोटरचं बिल कोणाच्या नावानं, पैसे द्यायचे असन तर कोणत्या तारखेला, आणि नाही दिले तर काय, हे सगळं उतरवा. सही करायच्या आधी घरच्या शिकलेल्या पोरीकडून मोठ्यानं वाचून घ्या. सगळ्यांच्या सह्यांचा हा कागद कोर्टात गेला की त्याप्रमाणे हुकूमनामा होते, अन् संमतीच्या हुकूमनाम्यावर पुन्हा अपील करता येत नाही.

मग हुकूमनाम्याची नक्कल काढा अन् फेरफारासाठी तलाठ्याकडे अर्ज टाका, सातबारा बदललेला डोळ्यानं पाहेपर्यंत चकरा मारा.