ऑस्ट्रेलियात स्टुडंट व्हिसावर आहात? या चुका टाळा

"पंधरवड्याला ४८ तास काम" हे इथे आलेल्या प्रत्येक मुलाला पाठ असतं. तरीही मोजताना चूक होतेच, कारण पंधरवडा म्हणजे काय हे व्हिसाच्या कामाबद्दलच्या अटीत, म्हणजे कंडिशन ८१०५ मध्ये नीट वाचायचा कंटाळा. हा पगाराचा पंधरवडा नाही. कुठल्याही सोमवारी सुरू होणारे १४ दिवस म्हणजे पंधरवडा. म्हणजेच प्रत्येक आठवडा दोनदा मोजला जातो, एकदा मागच्या आठवड्याबरोबर आणि एकदा पुढच्या.

माझ्या ओळखीच्या एका मुलाने चार आठवड्यांत २०, २८, २६, २० असे तास केले. त्याच्या हिशोबाने ४८ आणि ४६, सगळं नियमात. पण मधल्या दोन आठवड्यांची बेरीज ५४! त्याने लबाडी केली नव्हती, पण नियम तर मोडलाच. मी सगळ्यांना एकच सांगते: सेमिस्टर चालू असताना आठवड्याला २४ च्या वर जाऊच नका आणि दर रविवारी रात्री या आठवड्याचे तास मागच्या आठवड्याच्या तासांत मिळवून वहीत लिहा. डिलिव्हरीचे तासही यातच धरा. "कॅशमध्ये घेतले की मोजत नाहीत" असं सांगणारा रूममेट तुमचं वाटोळं करतोय. शिवाय कोर्स सुरू होण्याआधी काम करायचं नाही, एक दिवसही नाही.

पत्ता बदलला की ७ दिवसांत कॉलेजला कळवा. हेल्थ कव्हर मध्येच संपू देऊ नका.

फी कमी म्हणून मास्टर्स सोडून डिप्लोमाला जाणं हा शॉर्टकट मला सर्वांत जास्त खटकतो. कंडिशन ८२०२ प्रमाणे कोर्सची पातळी खाली आणायची तर आधी नवा व्हिसा लागतो. एजंट हे सांगत नाही.

आता ज्या चुकीने मला रात्रभर झोप लागली नव्हती, ती. एका मुलीच्या व्हिसा अर्जात पत्रव्यवहारासाठी एजंटचा ईमेल दिला होता. हजेरी आणि निकाल घसरले तेव्हा ते सरकारला कळवणार असल्याचं कॉलेजने तिला आधी लेखी सांगितलं होतं. अशा पत्रानंतर कॉलेजमध्येच दाद मागायला कामाचे २० दिवस मिळतात. आईच्या आजारपणाचे कागद तिच्याकडे होते, पण घाबरून तिने पत्र उघडून बंद केलं. मग व्हिसा रद्द करण्याच्या विचाराची नोटीस निघाली आणि पुढे रद्द केल्याचं पत्र. दोन्ही एजंटच्या इनबॉक्समध्ये, आणि एजंटने फोन उचलणं बंद केलेलं. ती माझ्याकडे आली तेव्हा अपिलाची मुदत उलटून गेली होती. ईमेलने पाठवलेलं पत्र त्याच दिवसअखेर मिळालं असं कायदा धरतो, तुम्ही वाचलं असो वा नसो. आणि ही मुदत अपील ऐकणाऱ्या ट्रायब्युनललाही वाढवता येत नाही, कारण कितीही खरं असलं तरी.

म्हणून इमिअकाउंट (व्हिसाचं सरकारी ऑनलाइन खातं) स्वतःच्या नावाने उघडा, ईमेल स्वतःचा द्या, स्पॅम रोज बघा. पत्र आलं की आधी शेवटची तारीख शोधा, मग रडा. नोटिशीला उत्तर देताना दुसऱ्याचं पत्र नाव बदलून पाठवू नका. बहुतेक वेळा व्हिसा रद्द करायचा की नाही हे अधिकाऱ्याने ठरवायचं असतं, म्हणून तुमचं कारण आणि त्याचे कागद यांना खरंच वजन असतं.

जुने व्हिडिओ बघून एएटी, म्हणजे अपिलाचं जुनं ट्रायब्युनल, शोधत बसू नका. १४ ऑक्टोबर २०२४ पासून तिथे एआरटी, म्हणजे अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह रिव्ह्यू ट्रायब्युनल आहे. ते प्रकरण नव्याने तपासतं, नवे पुरावेही घेतं, म्हणून आधी राहिलेले डॉक्टरांचे कागद इथे द्या. त्यापुढे कोर्टात फक्त कायद्याची चूक बघतात. आईचा आजार तिथे कोणी नव्याने तोलणार नाही.

सल्ला नोंदणीकृत मायग्रेशन एजंट किंवा वकिलाकडूनच घ्या. अ‍ॅडमिशन करून देणारा एजंट वेगळा. नोंदणी क्रमांक मागा आणि सरकारी यादीत स्वतः तपासा, पैसे देण्याच्या आधी.