कार्यालयातील डिरेक्टरी आणि एक्स्चेंज ऑनलाइन यांचे सिंक अडकल्यास बिघाड कसा शोधावा

नवीन कर्मचाऱ्याचे खाते कार्यालयातील ॲक्टिव्ह डिरेक्टरीत (खात्यांची नोंद ठेवणाऱ्या व्यवस्थेत) उघडले जाते, आणि दुसऱ्या दिवशीही एक्स्चेंज ऑनलाइनच्या (मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडमधील मेलसेवेच्या) पत्तेवहीत त्याचे नाव दिसत नाही. अशी तक्रार आली की बहुतेक जण थेट पूर्ण सिंक, म्हणजे सर्व नोंदी क्लाउडशी नव्याने जुळवण्याची प्रक्रिया, चालवायला घेतात. तसे करू नये, असा माझा आग्रह आहे. मोठ्या डिरेक्टरीत पूर्ण सिंकला तासन्‌तास लागतात, आणि दोष माहितीतच असेल तर शेवटी तीच त्रुटी पुन्हा समोर येते. त्याऐवजी ज्या खात्याची तक्रार आहे ती एकच नोंद हाती घ्यावी आणि ती नेमकी कुठे अडली ते शोधावे. येथे कार्यालयातील नोंदी क्लाउडशी जुळवणारे मायक्रोसॉफ्ट एन्ट्रा कनेक्ट सिंक हे साधन गृहीत धरले आहे. २०२३ पर्यंत ते अझ्युर एडी कनेक्ट या नावाने ओळखले जाई.

सर्वप्रथम बिघाड खरोखर आहे का, हे पाहावे. संगणकावरील आउटलुक आपली ऑफलाइन पत्तेवही साधारणपणे दिवसातून एकदाच उतरवून घेते, त्यामुळे नाव तेथे नसले तरी ब्राउझरमधील आउटलुकमध्ये ते आलेले असू शकते. तेथेही नसेल, तरच पुढे जावे.

त्यानंतर सिंकचे वेळापत्रक तपासावे. ज्या सर्व्हरवर हे साधन बसवले आहे, तेथे पॉवरशेलमध्ये (आज्ञा लिहून देण्याच्या खिडकीत) ‘गेट-एडीसिंकशेड्यूलर’ ही आज्ञा दिल्यास सिंक चालू आहे का, पुढील फेरी केव्हा आहे आणि सर्व्हर स्टेजिंग मोडमध्ये तर नाही ना, हे कळते. नेहमीची फेरी दर ३० मिनिटांनी होते. स्टेजिंग मोडमधील सर्व्हर माहिती वाचतो, तिच्यावर प्रक्रियाही करतो, पण पुढे काहीच पाठवत नाही, आणि अद्ययावतीकरणानंतर हा मोड चालूच राहून गेल्याचे प्रकार घडतात. साधनाच्या सेटिंग्ज बदलण्याचा विझार्ड कोणी उघडा ठेवला असेल, तरीही फेऱ्या थांबतात. येथे एका गैरसमजापासून सावध राहावे: पासवर्डचे सिंक स्वतंत्रपणे, दर २ मिनिटांनी चालते, म्हणून ‘पासवर्ड बदलतो आहे, म्हणजे सिंक ठीक आहे’ हा निष्कर्ष काढता येत नाही.

वेळापत्रक ठीक असेल, तर त्याच सर्व्हरवरील सिंक्रोनायझेशन सर्व्हिस मॅनेजर उघडून ऑपरेशन्स या पानावर शेवटच्या फेऱ्यांचा निकाल पाहावा. प्रत्येक नोंद आयात, सिंक आणि निर्यात अशा तीन टप्प्यांतून जाते. कनेक्टर स्पेसमध्ये (डिरेक्टरीतून वाचलेल्या नोंदी साधन जेथे ठेवते तेथे) नोंद सापडलीच नाही, तर ती आयातीतच अडली आहे, आणि त्याचे सर्वांत सामान्य कारण म्हणजे ते खाते सिंकसाठी न निवडलेल्या ओयूमध्ये (डिरेक्टरीतील खाती ठेवण्याच्या कप्प्यात) आहे. तेथे आहे पण मेटाव्हर्समध्ये (साधनाच्या एकत्रित नोंदवहीत) नाही, तर एखादा गाळणी नियम तिला वगळतो आहे. दोन्हीकडे असूनही पुढे गेली नसेल, तर निर्यातीच्या ओळीखालची त्रुटी उघडून शब्दन्‌शब्द वाचावी.

निर्यातीत सर्वाधिक डोकेदुखी होते ती एकच ई-मेल पत्ता दोन ठिकाणी असल्याने. एका कार्यालयात लेखा विभागातील एका ताईंचे लग्नानंतर आडनाव बदलले. नव्या आडनावाचा पत्ता तयार होईपर्यंत टपाल अडू नये, या सद्हेतूने कोणीतरी तोच नवा पत्ता देऊन थेट क्लाउडमध्ये सामायिक मेलबॉक्स उघडला. नंतर कार्यालयातील डिरेक्टरीत तो पत्ता त्यांच्या खात्याला जोडला गेला, आणि त्यांचे टपाल त्या मेलबॉक्सातच जात राहिले. खाते क्लाउडमध्ये दिसत होते, म्हणून संशयही येत नव्हता. कारण अशा वेळी एन्ट्रा, म्हणजे क्लाउडमधील डिरेक्टरी, संपूर्ण नोंद नाकारत नाही, फक्त वादातला पत्ता बाजूला काढून ठेवते. सामायिक मेलबॉक्सवरून तो पत्ता काढल्यावर प्रश्न सुटला.

आडनावबदलात आणखी एक बारकावा असतो. खात्याचे सर्व ई-मेल पत्ते असलेल्या ‘प्रॉक्सी ॲड्रेसेस’ या रकान्यात मुख्य पत्त्याच्या आधी एसएमटीपी ही रोमन अक्षरे मोठ्या लिपीत, तर जुन्या किंवा पर्यायी पत्त्यांच्या आधी लहान लिपीत लिहावी लागतात. जुना पत्ता लहान अक्षरांनी ठेवला की त्यावरचे टपालही येत राहते. स्प्रेडशीटमधून चिकटवलेल्या पत्त्यामागे राहिलेली एक रिकामी जागासुद्धा त्रुटीला पुरेशी असते. अशा चुका मायक्रोसॉफ्टचे आयडीफिक्स हे साधन शोधून देते.

हटवण्याबाबत मात्र फार जपावे. एका फेरीत ५०० पेक्षा जास्त नोंदी हटणार असतील, तर साधन निर्यात आपोआप थांबवते. ही मर्यादा यादी न पाहता कधीही उठवू नये, आणि लहान संस्थेत तर ती कमी करून ठेवावी. मी हे स्वतः अनुभवले आहे: एका लहान विभागाची खाती नव्या ओयूमध्ये हलवली, ते ओयू सिंकसाठी निवडायचे राहिले, आणि पुढच्या फेरीत सर्व खाती क्लाउडमधून हटली. संख्या कमी असल्याने मर्यादा आड आली नाही. हटवलेली खाती ३० दिवस परत मिळतात, त्यामुळे ओयू निवडून सिंक करताच ती मेलबॉक्ससह परतली, पण ती सकाळ विसरता येत नाही.

उलट दिशेने, म्हणजे कार्यालयातील डिरेक्टरीत लिहिताना ८३४४ ही त्रुटी आली, तर ती परवानगीची आहे. कधीकाळी प्रशासक असलेल्या खात्यांचा परवानगीचा वारसा (वरच्या ओयूकडून परवानग्या आपोआप मिळणे) बंद झालेला असतो, तो तपासावा.

दुरुस्तीनंतर ‘स्टार्ट-एडीसिंकसिंकसायकल’ ही आज्ञा डेल्टा प्रकाराने (फक्त बदललेल्या नोंदींसाठी) द्यावी आणि निर्यातीच्या ओळीत तीच नोंद गेल्याची खात्री करावी. खाते नव्याने तयार करावे लागले असेल, तर सहकाऱ्याला जुन्या पत्रव्यवहारातील नाव निवडून एक चाचणी मेल पाठवायला सांगावे. तो परत आला, तर आउटलुकने जुना अंतर्गत पत्ता लक्षात ठेवला आहे असे समजावे, आणि तो एक्स५०० प्रकारचा पत्ता म्हणून नव्या खात्याच्या ‘प्रॉक्सी ॲड्रेसेस’मध्ये जोडावा.