मोर्बेल्लीच्या बांधीत उतरताना

आन्जेलो मोर्बेल्ली (१८५३–१९१९) हा इटलीचा चित्रकार. त्याचं ‘पेर ओत्तांता चेंतेसिमी’ हे चित्र मी गोंदिया जिल्ह्यातल्या आमच्या शाळेत दरवर्षी रोवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, दिवसांत पोरांना दाखवते. ते कसं बघायचं, ते सांगते.

आधी नाव, साल काही सांगू नका. मोबाइल आडवा धरा आणि फक्त पाठी बघा. आपल्याकडे पाठ करून ओणवलेल्या बायांची रांग, वर खोचलेले घागरे, पाण्यात पाय. माझी आई अशीच दिवसभर वाकायची आणि रात्री कंबरेला तेल चोळून द्यायला मला बसवायची. त्यामुळे या चित्रासमोर माझी कंबर आधी बोलते. तुमचंही जे बोलेल ते बोलू द्या.

मग विचारा, काय काम चाललंय? मी स्वतः कितीतरी दिवस रोवणीच समजत होते. सातवीतल्या एका पोरीनं सांगितलं, “मॅडम, हे रोवणं नोहोय, निंदण होय. धान तं आधीच उभं हाय.” तिचं खरं होतं. उत्तर इटलीतल्या वेर्चेल्लीच्या धानपट्ट्यात बाया पाण्यात उभ्या राहून तण काढत.

आता नावाचा अर्थ सांगा: ‘ऐंशी चेंतेसिमींसाठी’. लिरा म्हणजे इटलीचं तेव्हाचं चलन; शंभर चेंतेसिमींचा एक लिरा. म्हणजे दिवसाची मजुरी लिराभरही नाही. वर्ग इथे गप्प होतो. घाई करू नका, गप्प राहू द्या.

त्यानंतर पाणी मोठं करून बघा. रंग पॅलेटवर कालवून लावलेला नाही. बारीक बारीक रेघा शेजारी शेजारी ओढल्या आहेत. १८९३ ते १८९५ अशी या चित्रावर मेहनत झाली. मूळ चित्र वेर्चेल्लीच्या बोर्गोन्या संग्रहालयात आहे.

हे हातानं करून बघाच. ऑइल पेस्टल घ्या. मी पहिल्यांदा पिवळ्या-निळ्या रेघा शेजारी ओढायला लावल्या. लांबून धान हिरवं दिसेना, राखाडी दिसलं. हिरवा हवा तर पोपटी आणि गडद हिरव्याच रेघा ओढा, मध्ये एखादी निळी, एखादी तांबडी. पाण्याला आभाळाचा रंग द्या. कागद भिंतीला चिकटवा आणि रेघा एकमेकींत मिसळेपर्यंत मागे सरका. आमच्या वर्गात जागा पुरत नाही. पोरं मागे सरकत सरकत व्हरांड्यात जातात.