मॉडेलिंग अ‍ॅम्प घरासाठी घ्यावा का? घरातल्याच आवाजात पारखून बघा

सांगलीत विश्रामबागला माझ्याकडे गिटार शिकायला येणाऱ्या मुलांचे पालक सहा-सात महिन्यांनी हमखास विचारतात, "मॅडम, इलेक्ट्रिक गिटार तर घेऊन झाली, आता अ‍ॅम्प कुठला घेऊ? ते मॉडेलिंगवालं चांगलं म्हणतात." मॉडेलिंग अ‍ॅम्प म्हणजे इतर अ‍ॅम्पच्या आवाजाची आतल्या चिपवर नक्कल करणारा अ‍ॅम्प. मी लगेच नाव सांगत नाही. आधी विचारते, वाजवणार कुठल्या खोलीत, किती वाजता, आणि भिंतीपलीकडे कोण राहतं? निम्मा निर्णय तिथेच होतो.

माझा पहिला चांगला अ‍ॅम्प १५ वॅटचा ट्यूब अ‍ॅम्प, म्हणजे काचेच्या नळ्यांवर चालणारा जुन्या पद्धतीचा अ‍ॅम्प होता, एका वादकाकडून जुना घेतलेला. तेव्हा आम्ही गावभागात तळमजल्यावर राहायचो. अ‍ॅम्प गोड वाजायचा, पण व्हॉल्यूम अर्ध्याच्या पुढे नेल्यावरच. एवढ्या आवाजात वरच्या काकूंना स्वतःचा टीव्ही ऐकू यायचा नाही. म्हणून मी तो एकवर ठेवायचे, आणि एकवर तो पातळ, जीव नसल्यासारखा वाजायचा. चार वर्षं उत्तम अ‍ॅम्प घरात होता, पण त्याचा खरा आवाज एखाद्या रविवारी दुपारीच ऐकायला मिळाला. २०१९ च्या ऑगस्टमध्ये महापुराचं पाणी घरात शिरलं. धान्य, कागदपत्रं, गिटार वरच्या मजल्यावर नेली. अ‍ॅम्प जड, तो खालीच राहिला. पाणी उतरल्यावर उघडला तेव्हा आत नुसता गाळ होता. त्यानंतर विश्रामबागच्या दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटसाठी मॉडेलिंग अ‍ॅम्प घेतला, आणि रोज रात्री अर्धा तास वाजवायला लागले. चांगल्या आवाजासाठी आता रविवारची वाट बघावी लागत नव्हती.

हा फरक कुठून येतो ते सांगते. ट्यूब अ‍ॅम्पचा आवडणारा आवाज एका जागी तयार होत नाही. पुढच्या ट्यूब, मागच्या पॉवर ट्यूब, आउटपुट ट्रान्सफॉर्मर, स्पीकर, सगळ्यांवर ताण आला की तो बनतो, आणि ताण येण्यासाठी आवाज मोठा करावा लागतो. मॉडेलिंग अ‍ॅम्प ही सगळी साखळी आतल्या चिपवर गणिताने उभी करतो. मोठा आवाज किती करायचा हे मग वेगळ्या बटणावर राहतं. १९९६ मध्ये लाइन सिक्स कंपनीने अ‍ॅक्सिस २१२ या अ‍ॅम्पमध्ये हे आणलं. यामाहाची टीएचआर मालिका २०११ मध्ये आली, ती तर घरात टेबलावर ठेवून वाजवण्यासाठीच बनवलेली. २०१६ पासूनच्या बॉस कंपनीच्या कटानामध्ये ५० वॅटचा अ‍ॅम्प अर्ध्या वॅटवर आणण्याचा खटका आहे.

वॅटच्या आकड्याला मात्र फसू नका. वॅट निम्मे केले की आवाज फक्त ३ डेसिबलने उतरतो. कानाला आवाज निम्मा वाटायला वॅट दहाव्या हिश्शावर आणावे लागतात. म्हणजे ५० ऐवजी २५ वॅटचा घेतला म्हणून शेजारी सुखी होणार नाहीत. कमी आवाजात अ‍ॅम्प कसा वाजतो, एवढंच बघायचं.

आता कुणी घेऊ नये ते आधी. लॅपटॉप आणि ऑडिओ इंटरफेस, म्हणजे गिटार कॉम्प्युटरला जोडणारी डबी, घरात आहे, हेडफोन लावूनच वाजवता, रेकॉर्डिंगही तिथेच करता, तर अ‍ॅम्प हवाच असं नाही. अ‍ॅम्पचं काम सॉफ्टवेअर करतं. न्यूरल अ‍ॅम्प मॉडेलर नावाचं सॉफ्टवेअर तर फुकट मिळतं आणि उत्तम आहे. कुपवाडहून येणाऱ्या माझ्या एका विद्यार्थ्याला मी अ‍ॅम्पचे पैसे वाचवून चांगले हेडफोन घ्यायला लावले. ड्रमसोबत स्टेजवर वाजवणार असाल तर टेबलावरचा छोटा अ‍ॅम्प पुरणार नाही. मुख्य वाद्य अकूस्टिक, म्हणजे विजेशिवाय वाजणारी गिटार, असेल तर अकूस्टिकचा अ‍ॅम्प वेगळा असतो, तो बघा. आणि ज्यांचा पूर्ण तास आवाज शोधण्यात जातो आणि वाजवणं राहून जातं, त्यांनी शंभर मॉडेलवाला अ‍ॅम्प टाळून चार-पाच आवाज आणि बाहेर बटणं असलेला घ्यावा. हे मी कळकळीने सांगते. शिकणारी चांगली बोटं मेन्यूत अडकून थंडावलेली मी पाहिली आहेत.

बाकीच्यांनी दुकानात जाऊन पारखावं. पारखायचं कसं, हे मी मिरजेत शिकले. लहान असताना मामा मला घेऊन सतारमेकर गल्लीत तंबोरा घ्यायला गेला होता. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण त्या गल्लीतले कान त्याच्या कितीतरी आधीपासून तयार आहेत. कारागिराने तार छेडली आणि हात बाजूला घेतला. सूर उठला, फुलला, विरत गेला. तो पूर्ण संपेपर्यंत कुणी बोललं नाही. मग घोडीवरचा दोरा किंचित सरकवून पुन्हा छेडली. जवारी, म्हणजे तारेचा झंकार, अशी सुराच्या शेपटापर्यंत ऐकून लावतात. अ‍ॅम्पही तसाच ऐकायचा.

दुकानात स्वतःची गिटार, स्वतःची केबल, स्वतःचे हेडफोन न्या. दुकानातल्या भारी गिटारवर सगळंच छान वाजतं. अ‍ॅम्प सुरू केल्यावर पहिल्यांदा आवाजावर चढवलेले इफेक्ट, म्हणजे रिव्हर्ब (घुमारा), डिले (प्रतिध्वनी), कोरस, सगळं बंद करा, हळू आवाज कापून टाकणारा नॉइज गेटसुद्धा. कंपनीचे तयार प्रीसेट, म्हणजे आधीच जुळवून साठवलेले आवाज, रिव्हर्बमध्ये भिजवलेले असतात, त्याखाली अ‍ॅम्पचा मूळ आवाज दडतो. व्हॉल्यूम एवढाच ठेवा की शेजारी उभ्या माणसाशी आवाज न चढवता बोलता येईल. दुकानदार वाढवायला बघेल, नको म्हणा. घरात एवढाच आवाज मिळणार आहे.

मग थोडी खरखर असलेला, म्हणजे क्रंचचा, चॅनल लावा आणि तिसऱ्या तारेवर बाराव्या पडद्यावर एकच सूर वाजवून सोडून द्या. संपेपर्यंत ऐका. चांगल्या मॉडेलमध्ये खरखर हळूहळू विरते आणि शेवटी स्वच्छ सूर उरतो. वाईट मॉडेलमध्ये शेपटाला माशी गुणगुणल्यासारखी फिसफिस येते किंवा सूर मध्येच कापला जातो. त्यानंतर एकच कॉर्ड एकदा बोटाच्या मांसल भागाने, एकदा पिकने जोरात वाजवा. आवाज नुसता मोठा झाला की त्याचा पोतही बदलला? पोत बदलायला हवा. आता गिटारवरचा व्हॉल्यूम दहावरून चारवर आणा. खरखर निवळून आवाज स्वच्छ झाला पाहिजे. जो अ‍ॅम्प या तिन्हीत पास होतो, तो मी ट्यूबचा आहे की चिपचा हे विचारत नाही. जो नापास होतो, त्यात दोनशे इफेक्ट असले तरी घेऊ नका.

हेडफोन लावून हेच सगळं पुन्हा करा. स्पीकरवर गोड वाजणारे काही अ‍ॅम्प हेडफोनमध्ये कर्कश होतात. रात्री दहानंतर तर तुम्ही हेडफोनवरच वाजवणार.

घरी आणल्यावर जागा बदलून बघा. कोपऱ्यात भिंतीला चिकटवून ठेवला की खर्ज फुगतो. स्टुलावर, भिंतीपासून हातभर पुढे, स्पीकर कानाकडे किंचित वळवून ठेवला की तोच अ‍ॅम्प मोकळा होतो. आपल्याकडे फरशी टाइल्सची आणि खोलीत सामान कमी, त्यामुळे आवाज आदळतो. समोर पलंग किंवा जाड पडदा असेल तर बरं. खालच्या मजल्यावर त्रास होतो तो फरशीतून जाणाऱ्या खर्जाचा. मी अ‍ॅम्पखाली आजीच्या गोधडीची जाड घडी घालते. खालच्या काकांनी स्वतःहून फरक पडला असं सांगितलं. कायद्याची मर्यादाही माहीत असावी. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत रहिवासी भागाला दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबल धरले आहेत. मोबाइलवरचं डेसिबल मोजणारं अ‍ॅप अगदी काटेकोर नसतं, पण दार लावून जिन्यात उभं राहून अंदाज घ्यायला पुरतं.

हळू आवाजात कानाला खर्ज आणि अगदी वरचे सूर कमी ऐकू येतात. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्ये हे मोजून दाखवलं. म्हणून रात्री हळू वाजवताना आपण बेस आणि ट्रेबल चढवतो, आणि तोच प्रीसेट दुपारी मोठा केला की घुमतो आणि टोचतो. एकाच आवाजाचे दोन प्रीसेट साठवा, एक रात्रीचा, एक दिवसाचा.

गुणगुण येत असेल तर लगेच अ‍ॅम्पला दोष देऊ नका. पिकअप म्हणजे तारांखालचं चुंबक-वेटोळं, त्यातला एकाच वेटोळ्याचा सिंगल कॉइल पिकअप आपल्याकडच्या ५० हर्ट्झच्या विजेची गुणगुण पकडतोच. पंख्याचा रेग्युलेटर, जुनी ट्यूबलाइट, लॅपटॉपचा चार्जर ती वाढवतात. एकेक बंद करून बघा, गिटार हातात धरून जागेवर वळून बघा. वीज गेल्यावर स्क्वेअर वेव्हच्या इन्व्हर्टरवर अ‍ॅम्प ओरडतो, तेव्हा बॅटरीवर चालणारा छोटा अ‍ॅम्प उपयोगी पडतो. गिटारच्या तारांना हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर मात्र वाजवणं तिथेच थांबवा आणि वायरमनला बोलवून अर्थिंग तपासून घ्या. जुन्या वाड्यांत सॉकेटला तिसरं भोक असतं, पण त्यामागे अर्थिंगची तार नसते.

आता रेकॉर्डिंग. यूएसबी असलेला अ‍ॅम्प स्वतःच ऑडिओ इंटरफेस होतो. बऱ्याच अ‍ॅम्पना प्रिंटरचीच केबल लागते. खोलीत चिडीचूप राहूनही माइकसमोर वाजवल्यासारखा आवाज कॉम्प्युटरमध्ये जातो. विंडोजवर कंपनीचा स्वतःचा ड्रायव्हर टाका, नाहीतर आवाज मागे पडतो. हवेत आवाजाला एक मीटर जायला साधारण ३ मिलिसेकंद लागतात, म्हणजे १० मिलिसेकंदांची दिरंगाई साडेतीन मीटरवर ठेवलेल्या अ‍ॅम्पसारखी. तेवढी चालते. २५-३० झाली की बोटं अडखळायला लागतात. सोपा उपाय हा की स्वतःचं वाजवणं अ‍ॅम्पच्याच हेडफोनमधून ऐका आणि सॉफ्टवेअरमध्ये त्या ट्रॅकचं मॉनिटरिंग, म्हणजे वाजवतानाच परत ऐकवणं, बंद ठेवा, नाहीतर सूर दोनदा ऐकू येतो.

दोन वर्षांपूर्वी एका कॉलेजच्या एकांकिकेसाठी मी गिटारचं पार्श्वसंगीत असंच घरी रात्री रेकॉर्ड केलं. हेडफोनमध्ये भरगच्च, रिव्हर्बने न्हालेलं, फार सुंदर वाटत होतं. तालमीच्या हॉलमध्ये मोठ्या स्पीकरवर लावल्यावर खर्जाचा लोंढा आला आणि मुलीचं वाक्य त्याखाली बुडालं. सांगली हे नाटकाचं गाव, विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये इथेच मराठी नाटकाला सुरुवात केली. इथे वाक्य ऐकू आलं नाही तर प्रेक्षक माफ करत नाही. रिव्हर्ब आवाजातच मुरलेला, काढता येईना. सगळं पुन्हा वाजवावं लागलं.

तेव्हापासून रेकॉर्ड करताना गेन, म्हणजे खरखर वाढवणारं बटण, मला हवासा वाटतो त्याहून थोडा कमी ठेवते, कारण दोन ट्रॅक एकावर एक आले की खरखर आपोआप दाट होते. रिव्हर्ब अ‍ॅम्पमध्ये बंद ठेवते आणि नंतर सॉफ्टवेअरमध्ये घालते. ८० ते १०० हर्ट्झच्या खालचं कापून टाकते. सॉफ्टवेअरच्या पट्टीवर रेकॉर्डिंगची पातळी उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या मध्ये ठेवते, लाल दिवा एकदाही लागू देत नाही. काही अ‍ॅम्प यूएसबीवर तयार आवाजासोबत गिटारचा कोरा आवाजही पाठवतात. ही सोय असेल तर दोन्ही ट्रॅक घ्या, कारण कोऱ्या ट्रॅकवर नंतर कुठलाही अ‍ॅम्प चढवता येतो. रेकॉर्डिंगसाठीच घेणार असाल तर ही सोय आहे का, हे दुकानात मॅन्युअल उघडून बघा. व्हिडिओ करणाऱ्यांनी आणखी एक बघावं. व्हिडिओचा आवाज ४८ किलोहर्ट्झवर असतो आणि काही अ‍ॅम्प ४४.१ वरच चालतात, तेव्हा सॉफ्टवेअरमध्ये बदलून घ्यावं लागतं.

अ‍ॅपचं म्हणाल, तर फक्त मोबाइलवरून चालणारा अ‍ॅम्प मी सुचवत नाही. गेन, टोन, व्हॉल्यूम आणि प्रीसेट बदलण्याचं बटण अ‍ॅम्पवरच हवं. दहा वर्षांनी ते अ‍ॅप नव्या फोनवर चालेल याची कुणी हमी देत नाही. अमेरिकेतल्या दादाने किंवा ताईने आणून द्यायचं ठरवलं असेल तर मागची पट्टी आधी वाचायला सांगा. १०० ते २४० व्होल्ट लिहिलं असेल तर आणा, नुसतं १२० असेल तर आपल्या २३० वर तो जळेल. इथेच घेणार असाल तर दुरुस्ती कुठे होते ते विचारा, आणि सेवा केंद्र पुण्याला असेल तर खोका, थर्मोकोल सगळं माळ्यावर जपून ठेवा.

परत करण्याची मुदत असेल तर पहिल्याच आठवड्यात तुमच्या नेहमीच्या वेळेला, नेहमीच्या आवाजात पाच दिवस वाजवा आणि एक पूर्ण गाणं रेकॉर्ड करा. ते दुसऱ्या दिवशी मोबाइलच्या स्पीकरवर, मग मोटारीत ऐका. आणि अ‍ॅम्पचा खटका दाबल्यापासून पहिला सूर निघेपर्यंत किती वेळ गेला, तेही रोज कागदावर लिहा. माझ्या अ‍ॅम्पला वीस सेकंद लागतात. तुमच्या कागदावर रोज दहा-दहा मिनिटं दिसली, तर मुदत संपायच्या आत तो परत करा.