पेप्टाइडच्या द्रावणात प्रिझर्व्हेटिव्ह घालताना

एकाच कुपीत सुई पुन्हा पुन्हा जाणार असेल, तर प्रिझर्व्हेटिव्हला, म्हणजे जंतू वाढू न देणाऱ्या घटकाला, पर्याय नाही. फिनॉल, मेटाक्रेसॉल, बेन्झिल अल्कोहोल ही नेहमीची तीन नावं. जंतूच्या आवरणात ती घुसतात, कारण त्यांना पाण्यापेक्षा तेलकट जागा आवडते. अशा जागा पेप्टाइडवरही, म्हणजे अमिनो आम्लांच्या छोट्या साखळीवरही, असतात, आणि सगळा गुंता तिथूनच सुरू होतो.

म्हणून आधी आपलं पेप्टाइड ओळखा. इन्सुलिनचे सहा रेणू जस्ताभोवती एकत्र बसतात आणि फिनॉल त्यांच्यामधल्या खोबणीत शिरून ती मोट घट्ट धरतं. हेच द्रावण नुसत्या सलाइनने पातळ केलं की फिनॉल विरळ होतं, मोट सुटते आणि सुट्या रेणूंचे तंतू व्हायला लागतात. इथे प्रिझर्व्हेटिव्ह औषधाला सांभाळतं. उलट बेन्झिल अल्कोहोल काही प्रथिनांच्या अर्धवट उलगडलेल्या रूपाला चिकटतं आणि गुठळ्या वाढवतं. त्यामुळे इन्सुलिनवरचा अनुभव दुसऱ्या रेणूला लावू नका.

प्रमाणाचा अंदाज बाजारातल्या औषधांवरून येतो. टेरिपॅराटाइडमध्ये पीएच ४ च्या आसपास दर मिलिलिटरला ३ मिलिग्रॅम मेटाक्रेसॉल असतं. सेमाग्लुटाइडच्या पेनमध्ये पीएच ७.४ ला ५.५ मिलिग्रॅम फिनॉल असतं. दोन्ही प्रिझर्व्हेटिव्हचा पीकेए (ज्या पीएचला निम्मे रेणू भारित होतात तो आकडा) १० च्या जवळपास असल्यामुळे या पट्ट्यात ती भाररहितच राहतात. तेव्हा पीएच पेप्टाइडच्या सोयीने ठरवा. बेन्झाल्कोनियम या आणखी एका प्रिझर्व्हेटिव्हचं तसं नाही. ते धनभारित असतं आणि ऋणभारित पेप्टाइडला घेऊन तळाशी बसू शकतं.

आता घालायची पद्धत. सुरुवातीच्या दिवसांत मी घाईने शुद्ध मेटाक्रेसॉल थेट पेप्टाइडच्या द्रावणात सोडलं. थेंब पडला तिथे दुधाळ धागा उठला, ढवळल्यावर विरल्यासारखा वाटला. दुसऱ्या दिवशी कुपी काळ्या कागदापुढे धरून हलकेच फिरवली, तर रेशमासारखी लहर दिसली. तो घाणा गेला. तेव्हापासून मी प्रिझर्व्हेटिव्ह आधी बफरमध्ये (पीएच स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात) पूर्ण विरघळवते आणि ते पातळ द्रावण सर्वात शेवटी, फेस येणार नाही इतक्या हळू ढवळत, थेंबाथेंबाने सोडते. मिठाचं प्रमाणही बेताचं ठेवा. ते वाढलं की प्रिझर्व्हेटिव्हची विद्राव्यता घटते.

पॉलिसॉर्बेट (साबणासारखं काम करणारा घटक) घालणार असाल तर जपून. त्याच्या मायसेलमध्ये, म्हणजे रेणूंच्या सूक्ष्म पुंजक्यांत, फिनॉल जाऊन बसतं. एचपीएलसीवर (द्रावणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर) आकडा पूर्ण दिसतो, पण जंतूंपर्यंत पोचणारं मोकळं फिनॉल कमी पडतं. म्हणून नुसत्या आकड्यावर विसंबू नका, द्रावणात मुद्दाम जंतू घालून केलेली चाचणी घ्याच. त्या चाचणीत उतरेल ते सर्वात कमी प्रमाण निवडा.

भरताना सिलिकॉनची नळी फिनॉल शोषते. पहिल्या आणि शेवटच्या कुपीतलं प्रमाण वेगवेगळं मोजा. मशीन थांबलं असेल तर नळीत साचलेलं द्रावण टाकून द्या, हळहळू नका.

नवजात बाळांना जाऊ शकणाऱ्या औषधात बेन्झिल अल्कोहोल नको. त्यांच्या शरीरात ते साचतं आणि जिवावर बेततं.

कुप्या फ्रिजमध्ये ठेवाच, शिवाय काही ३७ अंशांवर हलवत ठेवा. त्यांच्या शेजारी त्याच घाण्याच्या, पण प्रिझर्व्हेटिव्ह न घातलेल्या दोन कुप्या हव्यात. गढूळपणा आला, तर तो पेप्टाइडचा स्वतःचा की प्रिझर्व्हेटिव्हने आणलेला, हे त्या दोनच सांगतात.