बी.एड., एम.एड. की एम.ए.? प्रवेश घेताना या चुका टाळा

कापूस घरात आला की आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यात एजंट फिरू लागतात. "हजेरीची गरज नाही, फक्त पेपरला या, बी.एड. होऊन जाईल." या एका वाक्यापायी किती पोरापोरींची वर्षं वाया गेली, ते मी पाहत आलोय.

शेजारच्या घरची पोर. बापानं कापसाचा पैसा परराज्यातल्या एका कॉलेजात भरला. पोर दोनदा पेपरला जाऊन आली, गुणपत्रिका मिळाली, बापानं ती लॅमिनेट करून आणली. पुढे कागदपत्रांच्या पडताळणीला मी सोबत गेलो. टेबलामागच्या बाईंनी सहज विचारलं, "पाठ किती घेतलेस?" पोरीला बोलता येईना. पाठाची टाचण वही, म्हणजे वर्गात काय नि कसं शिकवायचं याची आधी लिहायची वही, तिनं कधी लिहिलीच नव्हती. मग निघालं की त्या कॉलेजची मान्यता तिच्या प्रवेशाआधीच गेलेली. परतीच्या एसटीत बाप ती लॅमिनेट केलेली गुणपत्रिका मांडीवर घेऊन बसला होता.

२०१५ पासून बी.एड. दोन वर्षांचं आहे. त्यात वीस आठवडे शाळेत काढायचे असतात आणि तिथं ९० टक्के हजेरी लागते. घरी बसून हे होतच नाही. ज्याला ही दोन वर्षं जड वाटतात, त्यानं मास्तरकीच्या वाटेला जाऊ नये.

मी कुणासोबत प्रवेशाला जायचं म्हटलं की आधी एनसीटीईचा, म्हणजे राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेचा, मान्यता आदेश मागतो. त्यावरचं नाव, पत्ता, अभ्यासक्रम आणि प्रवेशाच्या जागा किती, हे परिषदेच्या वेबसाइटवर ताडून पाहतो. मग न कळवता एखाद्या मंगळवारी अकरा वाजता कॉलेजात जातो. वर्ग भरलेला दिसला, तर दुसऱ्या वर्षाच्या एखाद्या पोराची टाचण वही बघायला मागतो. वही नसली की परतीची गाडी धरतो.

दुसरी चूक शिकलेल्या घरांतही होते. बी.एड.ला नंबर लागला नाही म्हणून एम.ए. शिक्षणशास्त्र करायचं आणि शाळेत नोकरी मिळेल असं धरून चालायचं. हे एम.ए. चांगलंच आहे; नेट ही प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा देता येते, संशोधन करता येतं. पण ते शिक्षक प्रशिक्षण नाही, शाळेतल्या नोकरीसाठी बी.एड.ची जागा ते घेत नाही. एम.एड. बी.एड. किंवा पदवी आणि शिक्षक पदविका झाल्यावरच, तेही सर्वसाधारणपणे किमान ५० टक्के गुण असतील तर. बी.एड.सारखे कोर्स चालवणाऱ्या अध्यापक महाविद्यालयात शिकवायचं असेल तरच त्यात दोन वर्षं घाला.

पहिली ते पाचवीला शिकवायचंय? मग डी.एल.एड. (पूर्वीचं डी.एड.) करा, सर्वोच्च न्यायालयाच्या ऑगस्ट २०२३ च्या निकालानंतर तिथं बी.एड. चालत नाही.

मुक्त विद्यापीठाचं बी.एड. सेवेतल्या प्रशिक्षित शिक्षकांसाठी किंवा आधीच वर्गात बसून शिक्षक प्रशिक्षण घेतलेल्यांसाठी आहे, बाकीच्यांसाठी नाही.

बी.एड.मध्ये अध्यापन पद्धती, म्हणजे जो विषय शिकवायला शिकायचं तो, पदवीच्या विषयाचीच घ्या, मैत्रिणीनं घेतली म्हणून नको.

आणि जात पडताळणीचा अर्ज सीईटीच्या, म्हणजे बी.एड. प्रवेश परीक्षेच्या, फॉर्मसोबतच टाका. प्रवेशाच्या आठवड्यात यवतमाळला धावपळ करून ते प्रमाणपत्र हाती येत नाही.